एकोणिसावा एक

मिल्या, तुझ्या बॅनरवर एक कमी आहे.

माणूस कमी झाला असं म्हणत नाही, ते तर सगळं बाळापूर म्हणून राहिलंय. आकडा कमी आहे. बस स्टँडसमोर, हळदीच्या बेण्याची जाहिरात आणि कुण्या युवा नेत्याचा वाढदिवस यांच्या मधोमध तू टांगलेला आहेस. वर ‘कालकथित’, मग तुझा तो चष्म्यातून वर बघणारा फोटो, खाली नाव, आणि नावाखाली तुझी लाडकी संख्या. एकोणीस एक पाहिजेत. अठरा आहेत. छापणारा मीच.

ती संख्या मी इथे आकड्यांत लिहीत नाही. माझा भरवसा राहिलेला नाही.

गेली कित्येक वर्षं या दुकानातून एकही बॅनर तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढला नव्हता. कॉलेजात पोरांना गणित शिकवून झालं की घरी जायच्या आधी तू माझ्याकडे यायचास, कॉम्प्युटरसमोर मान वाकडी करून बसायचास आणि म्हणायचास, “दाखव दत्त्या, आज कोणाची अब्रू घालवून राहिला?” तू न पाहिलेला पहिला बॅनर हा तुझाच. आणि बघ, काय करून बसलो.

तुझा पहारा बसला तोच माझ्या पराक्रमांमुळे, हे गावाला माहीत आहे. ते निवृत्त ग्रामसेवक आठवतात? सेवापूर्ती सोहळ्याचा बॅनर. हार घातलेला फोटो, मोठ्या अक्षरांत अभिनंदन, आणि तळाला आदल्या कामातून राहून गेलेली ओळ: ‘शोकाकुल, समस्त मित्रमंडळ.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः दुकानात आले आणि बाकड्यावर बसून राहिले. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून. मी त्यांना चहा पाजला. तू आत पडद्यामागे तोंडात रुमाल कोंबून हसत होतास आणि मी बाहेर मेलो होतो.

मग कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्याचा बॅनर. त्यात फोन नंबरचा एकच अंक चुकला. एकच. तो नंबर निघाला वाशिमच्या एका म्हाताऱ्या वकिलांचा. दुपारी जेवून आडवं व्हावं तर लोक विचारायचे, शेवभाजी किती वेळात तयार होईल. त्यांनी मला फोन करून जे सुनावलं ते मी फोन टेबलावर ठेवून, स्पीकरवर, तुझ्यासोबत ऐकलं. नंतर मी म्हणालो, “एका आकड्यानं एवढं काय आभाळ कोसळलं?” तू हसला नाहीस. म्हणालास, “दत्त्या, एका आकड्यानंच कोसळतं. बाकीचे नऊ तर बराबर होते.”

त्या दिवसापासून तू माझा तपासनीस झालास. ‘कालकथित’ हा शब्दही तूच शिकवलास. तुमच्या वस्तीतल्या एका आजोबांचा बॅनर करताना मी सवयीनं ‘कै.’ टाकलं होतं. तू खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “आमी कैलासात जात न्हाई, लेका. आमच्याकडं कालकथित म्हंतेत.” तुझ्या बॅनरवर मी तो शब्द बरोबर टाकला, काना-वेलांटी तीनदा पाहिली. शब्द बरोबर आला आणि संख्या चुकली. तुला यातलं कशाचं जास्त वाईट वाटलं असतं हे मला पक्कं माहीत आहे.

जे तुला ओळखत नव्हते त्यांना हे वेडगळ वाटेल. वाटू दे. तुला संख्या म्हणजे माणसं वाटायची, आणि माणसांची जात विचारायची नाही पण संख्येची विचारायची, असा तुझा उफराटा कायदा होता. गाडी दिसली की तिचा नंबर फोडायचास. पंचायत समितीच्या त्या पुढाऱ्यानं मिशीला पीळ देत जीपचा १००१ नंबर दाखवला, तर तू त्याच्या तोंडावर म्हणालास, “सात, अकरा, तेरा. तिघं मिळून फोडतेत, साहेब.” त्याला वाटलं तू विरोधकांची नावं सांगून राहिलास. माझ्या मोटारसायकलचा २३१०. त्याला दोननं भाग जातो, तीननं जातो, पाचनं, सातनं, अकरानं जातो. ती स्वतः सोडून बाकी भाजकांची बेरीज तिच्याहून मोठी, जवळपास दुप्पट भरते, अशीला विपुल संख्या म्हणतात, असं तू समजावलंस. मी खूश झालो. मग म्हणालास, “तुझ्यासारखीच हाय. कुणीही यावं अन् भाग देऊन जावं.”

आणि तुझ्या स्वतःच्या गाडीला आरटीओनं आपोआप दिलेला नंबर निघाला ४६४९. मूळ संख्या. नुसती मूळ नाही, सात एक ओळीनं मांडले तर त्या संख्येला ही भाग घालते, दोनशे एकोणचाळीस वेळा, बाकी शून्य. तू त्या दिवशी पेढे वाटलेस. वहिनींना वाटलं बढती मिळाली.

कारण तुझा सगळा जीव होता तो नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांवर. अकरा, एकशे अकरा, एक हजार एकशे अकरा, अशी रांग. त्यातल्या बहुतेक फुटतात. अकरा फुटत नाही. त्यानंतर सगळ्या फुटत जातात, फुटत जातात, आणि मग येते एकोणीस एकांची. ती फुटत नाही. तिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय जगातल्या कुठल्याच संख्येनं भाग जात नाही. उलटी वाचा, सुलटी वाचा, कुठल्याही अंकापासून सुरू करून गोल फिरवा, तीच. कॉलेजातल्या फळ्यावर तू वर्षाच्या पहिल्या तासाला ती लिहायचास म्हणे. हिंगोलीला आपण दोघं बीएस्सीला होतो तेव्हाही तू वहीच्या मागे ती लिहायचास, आणि मी त्या वहीवरून नक्कल करायचो, म्हणजे त्या पानाची सोडून बाकी सगळ्यांची. तू पास झालास. मी फ्लेक्सचं दुकान टाकलं.

दुकानात तू ती संख्या मला किती वेळा समजावली असशील? प्रत्येक वेळी मी म्हणालो, “बराबर.” एक डोळा स्क्रीनवर, एक डोळा गिऱ्हाइकावर, आणि तोंडात बराबर. तू सांगायचास, एकांची गिनतीच जर फुटणारी असली तर संख्या फुटणारच. अठरा एक घे. दोन-दोनचे गट कर, अकरा, अकरा, अकरा असे नऊ गट. प्रत्येकाला अकरानं भाग जातो, मग सगळ्यालाच जातो. पण उलटं खरं न्हाई, असं तू बोट नाचवत म्हणायचास. गिनती मूळ असली म्हणून संख्या मूळ असेलच असं न्हाई. सतरा बघ.

सतरा मला लक्षात राहिलं, ते जयंतीच्या समितीमुळे. सतरा जणांची समिती केली, आणि महिन्याभरात तिचे बरोब्बर दोन तुकडे झाले. दोन्ही गट माझ्याकडेच बॅनर करायला आले. तू डोक्याला हात लावून म्हणालास, “मी सांगितलं होतं. सतरा एकांची संख्या दोनच तुकड्यांत फुटते, एक सात आकडी अन् एक दहा आकडी, अन् ते तुकडे पुढं फुटत न्हाईत. एकोणीस घ्या म्हनलं तं कोणी ऐकलं न्हाई.” दोन्ही गट हसले. त्या संध्याकाळी तू एकटा मला म्हणालास की आपल्या माणसांतला एकेक जण काय आहे, नुसता एकच आहे. पण एवढे एकोणीस जण रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर फोडून दाखवा म्हणावं. हे तू हसत बोलला नव्हतास. मी बराबर म्हणालो आणि मशीनला शाई भरायला गेलो.

एकच वाद मी मनापासून घातला. म्हणालो, “जी कोणात वाटताच येत न्हाई ती कामाची काय? हळदीचं पोतं वाटलं तर दहा घरी कालवण होतं.” मला वाटलं तू चिडशील. तू विचारात पडलास. “ह्याचं उत्तर हाय,” म्हणालास, “पर ते घाईत सांगायचं न्हाई.” मग तुझं दवाखान्याचं सुरू झालं, आणि तो वाद तसाच उघडा पडून आहे. त्याचं उत्तर मला अजूनही माहीत नाही. मला आता ज्याची शरम वाटते ते मात्र पक्कं माहीत आहे.

ऐक. तुला दवाखान्यातून शेवटचं घेऊन आल्याची बातमी कळली आणि कॉलेजातले लोक दुकानात आले, बॅनर लवकर पाहिजे. मला रडायलाही आतल्या पडद्यामागे जावं लागलं. बाहेर येऊन बसलो. फोटो लावला. नाव टाकलं. मग म्हटलं, याच्या नावाखाली पदवी नको, हुद्दा नको, याची संख्या पाहिजे. एकोणीस वेळा बटण दाबलं. मोजून दाबलं, बुद्धाची शपथ घेऊ का माझ्या मारुतीची घेऊ, पण मोजून दाबलं. नावाच्या रुंदीत अठरा बसले आणि एकोणिसावा एक खालच्या ओळीवर जाऊन पडला. एकटाच. डाव्या कोपऱ्यात. विचित्र दिसत होता. फॉन्ट लहान केला तर संख्या वाचता येईना, नाव मोठं केलं तर फोटोवर चढे.

मग मी तो उडवला.

चुकून नाही, मिल्या. हे मी लोकांना चुकून म्हणून सांगू शकलो असतो. बोट ठेवलं आणि उडवला. मनात काय आलं होतं तेही आठवतं: एकानं काय फरक पडतो, मोजतंय कोण. ओळ कशी नावाच्या रुंदीला चपखल बसली. मला समाधान वाटलं. तू गेलेल्या दिवशी मला माझ्या डिझाइनचं समाधान वाटलं.

बॅनर टांगला. लोक थांबून पाहात होते. कुणी म्हणालं, सरांचा मोबाइल नंबर आहे का. कुणी म्हणालं, बँकेचा खाते क्रमांक असेल. मी सगळ्यांना ऐटीत सांगत होतो, ही मूळ संख्या आहे, हिला भाग जात नाही, सरांना फार आवडायची. आता आठवलं की कानशिलं तापतात. त्या वेळी मी अठरा एकांकडे बोट दाखवून सांगत होतो.

लक्षात कधी आलं? स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना. वर बघत होतो, तुझी आठवण म्हणून तुझ्यासारखं करून पाहावं वाटलं, जोड्या लावाव्या. अकरा, अकरा, अकरा. एकोणीस असल्यावर शेवटी एक उरला पाहिजे. उरला नाही. वाटलं, मीच चुकलो, पुन्हा लावल्या. पुन्हा कोणी उरलं नाही. सगळे आपापल्या जोडीनं निवांत उभे होते. तुझ्या नावाखाली मी जगातली सगळ्यात सोपी फुटणारी संख्या टांगली होती. सतरा नाही, जी फोडायला निदान डोकं लागतं. अठरा. जिला तुझ्या बारावीच्या वर्गातलं कुठलंही पोरगं चहाचा कप हातात धरून फोडेल.

मग माझ्या डोक्यानं जे केलं ते नेहमीसारखं. व्हिनाइलचा एक ‘१’ कापला, शिडी घेतली आणि दुपारची वर्दळ जरा कमी असताना चढलो. म्हटलं, गुपचूप चिकटवू. शिडीवर उभा राहिल्यावर कळलं की चिकटवायला जागाच नाही, अठरावा एक काठाच्या, दोरी ओवायच्या रिंगेपर्यंत गेला आहे. वर मी तुझ्या नावापाशी हात लांब करून उभा, आणि खाली कोण? सुजाता वहिनी. अंगणवाडीतून घरी चालल्या होत्या. त्यांना वाटलं, मी फोटोला हार घालून राहिलो. त्यांनी रस्त्यात उभ्या उभ्या हात जोडले.

मी खाली उतरलो. तो १ माझ्या तळहाताला चिकटला होता, म्हणून हात जोडताही येईना.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “बाकी सगळे फुलं टाकून गेले. तुमीच एकटे, ज्यानं ह्यांचा आकडा टाकला. घरात कोणाला सुचलं न्हाई.” मग सांगितलं की कॉलेजच्या मैदानात, निंबाखाली, तुझ्या नावाचा सिमेंटचा बाक द्यायचा ठरवलं आहे. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेच्या दिवशी, रविवारी, मांडायचा. त्याच्या पाठीला ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर नाव आणि तो आकडा. “बॅनरचा फोटो काढून हिंगोलीला पाठवला बी. कोरायला घेतेत उद्या-परवा.”

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, छान.

बॅनर महिन्यात उन्हानं विरतो, मिल्या. माझ्या धंद्यातली ती एकच सोय आहे, सगळ्या चुका फिकट होत जातात. ग्रॅनाइट विरत नाही. तिथे वर्षानुवर्षं पोरं बसतील, गणिताची पोरं, आणि पाठ टेकायच्या आधी एखादं जोड्या लावेल.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून हिंगोलीला गेलो. वहिनींना सांगायला नाही. त्यांना न सांगता सुटका होते का, ते पाहायला. नावं कोरणारे रफिकभाई अंगणात पांढऱ्या धुळीत बसलेले. तुझी पाटी भिंतीला टेकलेली, त्यावर खडूनं रेघा मारलेल्या. मी बाजूला बसून, अगदी सहज बोलल्यासारखं, म्हणालो की त्या आकड्यात शेवटी एक वाढवा.

त्यांनी मान वर केली. “आप कौन उनके?”

म्हटलं, दोस्त.

“भाई, फोटू में जित्ते हैं उत्तेच डालूंगा. कमजादा करना है तो बाई ने बोलना. जिनों ने काम दिया उनोंच.” मग हातातल्या छिन्नीनं कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे एक कोरलेली पाटी आडवी टाकून तिच्यावर चहाचे कप ठेवले होते. कुण्या पुतण्याच्या सांगण्यावरून त्यांनी मयताच्या नावामागे एक शब्द वाढवला होता, आणि दोन भाऊ याच अंगणात एकमेकांच्या गळ्याला लागले. तेव्हापासून त्यांचा नियम: ज्यानं सांगितलं त्याच्याच तोंडून बदल. मी खूप गोड बोललो. ते तेवढंच गोड नाही म्हणाले. उद्या दुपारपर्यंत वाट पाहतो, एवढं मात्र कबूल केलं.

परतीच्या एसटीत मला एक नामी पळवाट सुचली. विचार कर, अठरा एकांना तीननं भाग जातो, नऊनं जातो, अकरानं, सातनं, तेरानं जातो. म्हणजे जो येईल त्याच्या वाट्याला काहीतरी येतं. तूही तसाच नव्हतास का? कॉलेजात वाटलेला, वस्तीत वाटलेला, माझ्या दुकानात वाटलेला. रविवारी माईकवर उभं राहून हे सांगितलं तर बाया डोळे पुसतील. मी मुद्दामच अठरा टाकले असं होईल. कळमनुरी येईपर्यंत माझं भाषण पाठही झालं. आणि तुझ्या-माझ्या वादात मी जिंकलोही.

कळमनुरीला गाडी थांबली. एक बाई टोपली घेऊन चढली, मी पाय आवरले आणि त्या एवढ्याशा हालचालीत मला माझीच किळस आली. तुझ्या पाटीवर मला माझी चूक सुंदर करून कोरायची होती. वर तुझ्याच मयतात तुझ्याशी वाद जिंकायचा होता, तू उत्तर द्यायला नसताना.

बाळापूरला उतरून थेट तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. मी बसलो आणि एका दमात सांगितलं. उडवला, मी उडवला, मुद्दाम उडवला, दिसायला बरं दिसत नव्हतं म्हणून. वाट पाहात होतो की त्या काही बोलतील, सूप बाजूला ठेवतील. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “एका आकड्यानं काय होऊन राहिलं भाऊजी? कोण मोजतंय?”

माझंच वाक्य, मिल्या. जसंच्या तसं. आणि आता समोर बसून उत्तर द्यायची पाळी माझी. तू असतास तर दोन बोटं नाचवली असतीस. मी मोबाइलवर संख्या टाकून भाग घालून दाखवावा म्हटलं, तर त्यात एवढे आकडे मावेनात.

मी त्यांच्या सुपातले तुरीचे दाणे घेतले. बाजूच्या ताटात अठरा मांडले आणि तू सांगायचास तसे दोन-दोनचे गट केले. “हे अकरा, हे अकरा, सगळ्यांना अकरानं भाग जातो.” मग तीन-तीनचे. सदतीस त्रिक एकशे अकरा, म्हणून तीननं जातो, सदतीसनं जातो. मग सहा-सहाचे तीन गट. एक लाख अकरा हजार एकशे अकराला सातनं जातो, तेरानं जातो, हे तू मला त्या जीपच्या दिवशी सांगितलं होतंस. यातला कुठलाही गट करा, कोणी उरत नाही. अठरा एकांची संख्या या सगळ्यांनी फुटते.

मग मी एकोणिसावा दाणा शेवटी ठेवला आणि पुन्हा तेच केलं. दोन-दोनचे गट, एक उरला. तीन-तीनचे, एक उरला. सहा-सहाचे, एक उरला. अकरानं भागा, बाकी एक. सदतीसनं, बाकी एक. सातनं, तेरानं, बाकी एक. माझा हात ताटावर थांबला. हे तू मला कधी असं सांगितलं होतंस का? सांगितलं असशील. मी बराबर म्हणालो असेन.

(एवढ्यानं ती मूळ ठरत नाही, याहून मोठ्या कैक संख्यांनी तपासावं लागतं, हे मला माहीत आहे. हे कंसात तुझ्यासाठी लिहिलं, नाहीतर तू गप्प बसणार नाहीस.)

वहिनींनी ताटात वाकून पाहिलं. अंगणवाडीत लेकरांना त्या रोज मणी मोजायला शिकवतात, त्यांना गट कळतात. तो सुटा दाणा त्यांनी बोटानं जरा पुढे सरकवला.

“म्हंजे तुमी जो काढला,” त्या म्हणाल्या, “तोच उरून राहिला दर बारीला.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि फोन लावला. रफिकभाईंना म्हणाल्या, “दादा, त्या आकड्यात एक कमी हाय. व्हय, मीच सांगून राहिले. न्हाई, जागा नसंल तं अक्षर बारीक करा, नाव बारीक झालं तरी चालंल.” मग माझ्याकडे बघत, “आमचे भाऊजी येतेत उद्या सकाळी. समोर बसून मोजतेत.”

फोन ठेवून त्या पुन्हा दाण्यांकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, “हे ह्यांनीच शिकवलं ना तुमाला?”

म्हटलं, हो. खोटं नव्हतं, मिल्या. शिकवलं होतंस. शिकलो तिथे, ताटावर, आत्ता.

त्यांना फार बरं वाटलं. बॅनर पाहून वाटलं होतं त्याहून बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. “मग ऐकत होता तर तुमी,” त्या म्हणाल्या. “हे घरी येऊन म्हनायचे, दत्त्याला एक अक्षर कळत न्हाई, तो ऐकत बी न्हाई. मी म्हनायची, मग जाता कायला रोज? तं म्हनायचे, मी जायच्या आधी तो माझी खुर्ची पुसून ठेवतो. एवढं कोण करतं.”

मी उठलो. चहा घेऊन जा म्हणाल्या, थांबलो नाही.

मिल्या, ती खुर्ची मी गिऱ्हाइकासाठी पुसायचो. मशीनची शाई उडते, कोणाच्या पांढऱ्या पँटीला डाग लागला तर भांडण होतं. रोज संध्याकाळी पुसायचो आणि पहिला येऊन तू बसायचास, एवढंच. वहिनींना हे सांगायला माझी जीभ वळली नाही, आणि आता वळणारही नाही.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं हिंगोलीला जातो आहे. रफिकभाईंच्या समोर, त्या धुळीत बसेन. एकेक एक कोरला जाईल तसा बोट ठेवून मोजेन, आणि तोंडातून बराबर काढणार नाही.